मदत हवी आहे: यूपीएससी निबंधाचा अमूर्त विषय कसा फोडायचा?

मुख्य परीक्षेत 3 तासांत 2 निबंध, प्रत्येकी 125 गुण, 1000 ते 1200 शब्द. हल्ली विषय बहुतेक सुविचारवजाच. 2022 चा ‘जंगले ही आर्थिक उत्कृष्टतेची सर्वोत्तम उदाहरणे’ हा विषय घ्या. लिहिणारा वृक्षतोड, हवामानबदलात शिरतो आणि ‘आर्थिक’ हा शब्द वाऱ्यावर सुटतो. निबंध तिथेच घसरतो.

पानगळीचं खत म्हणजे शून्य कचरा, थराथरांची झाडी म्हणजे विभागलेली जोखीम, इथपर्यंत जमतं. पण प्रतिवाद कुठे आणायचा, मध्यावर की समारोपाआधी? (समारोपातच आणला तर तो उपरा वाटतो.) कच्च्या आराखड्याला 15 मिनिटं पुरतात की 20 द्यावीत? मराठी माध्यमवाल्यांनी कृपया नेमकं सांगा.