'भुरटी चोरी' आणि 'किरकोळ चोरी' यांत फरक काय?

प्रश्न: एका निकालपत्राचा मराठी अनुवाद करताना 'पेटी थेफ्ट' (इंग्रजी petty theft, म्हणजे लहान चोरी) या शब्दापाशी अडलो आहे. शब्दकोशात 'भुरटी चोरी' मिळते, पण ती न्यायालयाच्या भाषेत बसेल का? की 'किरकोळ चोरी' किंवा 'उचलेगिरी' घ्यावं? आणि 'भुरटा' व 'चिंधीचोर' हे एकच का?

उत्तर: निकालपत्रात 'भुरटी' नको. शब्द मराठीच आहे, सगळ्यांना कळतो, तरी नको. कारण थोडं सविस्तर सांगतो.

चोरीसाठी आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही. पण नीट पाहिलं तर बहुतेक शब्द चोरी कशी झाली ते सांगतात. भिंत किंवा कुलूप फोडलं तर घरफोडी, धाक दाखवला किंवा मारहाण केली तर जबरी चोरी, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली तर दरोडा. हे शेवटचे दोन शब्द कायद्याच्या मराठी पाठातही याच अर्थाने आहेत, आणि पाच हा आकडा कायद्यातलाच आहे. त्यामुळे दोघांनी रस्त्यात अडवून लुटलं तर त्याला बोलण्यात कोणी दरोडा म्हणो, कायद्याने ती जबरी चोरीच. लंपास करणे, लांबवणे, ढापणे, डल्ला मारणे, हातोहात उडवणे यांतही रीतच दिसते.

'भुरटा' मात्र रीत सांगत नाही. तो मोजमाप करतो, आणि मोजतो ते चोरीला नव्हे, चोराला. भुरटा म्हणजे लहान, हलका, ज्याची दखल घ्यावी अशा लायकीचाही नाही असा. 'चिंधीचोर' त्याच्याही पुढचा. चोरून चोरली काय, तर चिंधी! त्यात चोरीची माहिती जवळजवळ नाहीच, नुसता तिरस्कार आहे. म्हणूनच ज्याने आयुष्यात कधी काही चोरलं नाही अशा माणसालाही भांडणात 'चिंधीचोर' म्हणता येतं. दोन्ही शब्द एक नाहीत, पण वाट एकच आहे: वस्तू लहान, म्हणून माणूस लहान.

वर्तमानपत्रांत 'भुरट्या चोरांचा सुळसुळाट' हा मथळा तुम्ही शंभरदा वाचला असेल. सुळसुळाट एरवी उंदरांचा, झुरळांचा, ढेकणांचा होतो. उलट कोट्यवधींचा मामला असला की 'गैरव्यवहार', 'अपहार', 'अनियमितता' असे शब्द येतात आणि माणूस 'संशयित' राहतो. ते योग्यच आहे, दोष सिद्ध होईपर्यंत तो संशयितच. पण मग सायकल उचलल्याचा नुसता आरोप असलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी 'भुरटा चोर' का म्हणायचं? मला हे खुपतं, आणि अनुवादकाने इथे काळजी घ्यायलाच हवी असं वाटतं.

आता कायद्याकडे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 378 मध्ये चोरीची व्याख्या होती आणि 379 मध्ये शिक्षा: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. व्याख्येत वस्तूच्या किमतीचा उल्लेख नव्हता. पेन असो की मोटार, कलम तेच, कमी-अधिक करणं न्यायाधीशाच्या हाती. क्षुल्लक हानीसाठी वेगळं कलम होतं, 95 वं: सामान्य समजेच्या माणसाने जिच्याबद्दल तक्रार करू नये इतकी किरकोळ हानी गुन्हा ठरत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी एक तर चोरी होती, नाही तर नव्हती. मधला 'भुरटा' वर्ग व्याख्येत नव्हता.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आकडा आला. कलम 303 नुसार चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. पाच हजारांच्या आतली ही चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्रही आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. पोलीस ठाण्यात 'एनसी घेतली' म्हणतात ती अशाच अदखलपात्र तक्रारीची नोंद.

या तरतुदीत 'पहिल्यांदाच' आणि 'परत केली' या दोन अटी मला फार मोलाच्या वाटतात. त्या कृत्याकडे पाहतात. माणूस कोणत्या लायकीचा आहे हे विचारत नाहीत. म्हणून माझी शिफारस 'अल्प किमतीच्या मालाची चोरी', किंवा सुटसुटीत हवं तर 'किरकोळ चोरी'. विशेषण चोरीला लागतं, मालाला लागतं, माणसाला चिकटत नाही.

आकड्याची रेघ ओढण्याची कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमध्ये 1275 च्या कायद्यापासून बारा पेन्सची रेघ होती. त्याच्या वरची चोरी मोठी, आणि तिला फाशीही होऊ शकायची. खालची ती 'पेटी'. पुढे ज्युरी, म्हणजे निवाडा देणारे सामान्य नागरिक, जाणूनबुजून मालाची किंमत कमी लावू लागले, म्हणजे माणूस दोषी ठरला तरी जीव वाचावा. हा भेद 1827 मध्ये रद्द झाला. तुमच्या निकालपत्रातला 'पेटी' या कुळातला आहे. तिथे तो मालाच्या किमतीबद्दल बोलतो, आपला 'भुरटा' तसं करत नाही.

'उचलेगिरी'बद्दल. व्याख्येच्या दृष्टीने हा शब्द विलक्षण चपखल आहे, कारण कायद्यात दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने नुसती जागेवरून हलवली की चोरी पूर्ण होते. ती दाराबाहेर न्यायलाच हवी असं नाही. पण 'उचल्या' हे एका समाजाचं नावही आहे. 'भामटा'चं तेच. आज आपण फसवणाऱ्या कोणालाही सहज भामटा म्हणतो, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा ही जात आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि पुढे तो देशभर पसरला तेव्हा, अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. माणसांना चोरी न करताही हजेरी द्यावी लागे. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. मात्र त्याच्या जागी राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले, मुंबई राज्याचा 1959 चा. बातम्यांतला 'सराईत' वाचताना हे मला नेहमी आठवतं. म्हणून 'उचल्या' आणि 'भामटा' हे शब्द चोर या अर्थाने मी लिहीत नाही. ज्यांची ती नावं आहेत त्यांच्या घरातली मुलंही आपलं लिखाण वाचतात.

पुरवणी प्रश्न: धन्यवाद. निकालपत्रात आरोपी खिशातून पाकीट काढणारा आहे. 'खिसेकापू' चालेल की 'पाकीटमार'? आणि हे प्रकरण किरकोळ चोरीत मोडतं ना?

उत्तर: दोन्ही शब्द माणसाला चिकटणारे आहेत, त्यामुळे 'खिशातून पाकीट चोरल्याचा आरोप' असं लिहा. शब्द म्हणून विचाराल तर 'खिसेकापू' मला जास्त आवडतो, कारण त्यात पात्याची आठवण आहे. संस्कृतात याचा पूर्वज सापडतो: 'ग्रंथिभेद', म्हणजे गाठ सोडणारा, कारण पैसे वस्त्राच्या गाठीत बांधलेले असत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ग्रंथिभेदाला पहिल्या वेळी बोटं तोडायची शिक्षा सांगितली आहे, दुसऱ्या वेळी हात-पाय, तिसऱ्या वेळी वध. किरकोळ मानण्याची पद्धत तिथे नव्हती.

आपल्या दंड संहितेतलं उदाहरणही ऐकण्यासारखं आहे. कोणी दुसऱ्याच्या खिशात हात घातला आणि खिसा रिकामाच निघाला, तरी तो प्रयत्नाचा गुन्हा. 1860 पासून हे उदाहरण तसंच आहे, नव्या संहितेतही ते ठेवलं आहे.

किरकोळमध्ये मोडतं का, ते मात्र तपासूनच लिहा. न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये 'पेटी' हा शब्द पुन्हा येतो, लहान संघटित गुन्हा या अर्थाने, आणि टोळीने केलेली पाकीटमारी त्यात आहे. तिथे शिक्षा किमान एक वर्ष आणि कमाल सात, साध्या चोरीच्या दुपटीहून जास्त. तिथे 'भुरटी' लिहिलंत तर अर्थ उलटा होईल, आणि 'किरकोळ'ही चालणार नाही. आधी आरोपपत्रात 303 लावलंय की 112 ते पाहा, मग शब्द ठरवा.