उत्क्रांतीचा सिद्धांत जीवशास्त्राबाहेर लावायचा तर काय वाचावं?

रानवाट:
नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासगटात पुढच्या महिन्यात मला बोलायचंय. भाषा, रूढी, यंत्रं, कंपन्या 'उत्क्रांत' होतात असं आपण सर्रास म्हणतो. पण 'भाषा उत्क्रांत झाली' यात 'भाषा बदलली' यापेक्षा जास्त काय सांगितलं जातं, हेच मला उमगत नाही. डार्विन वाचलाय, जनुकशास्त्र जुजबी कळतं. सुरुवात मीमपासून, म्हणजे जनुकासारखी माणसागणिक नक्कल होत पसरणारी कल्पना किंवा सवय या कल्पनेपासून, करू का?

शून्यबिंदू:
मीमपासून नको. आधी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांचा 1970 चा निवडीच्या एककांवरचा, म्हणजे नैसर्गिक निवड नेमकी कशाची होते यावरचा, लेख वाचा. त्यांच्या अटी तीनच: घटकांमध्ये फरक हवेत, त्या फरकांमुळे कमी-जास्त संतती व्हायला हवी, आणि ते फरक पुढच्या पिढीत उतरायला हवेत. जनुकाचा उल्लेखही लागत नाही, म्हणून हा सिद्धांत बाहेर नेता येतो. पण खरी मेख तिथेच आहे. कंपनीची 'संतती' कोणती? एखादी कंपनी शंभर वर्षं टिकली आणि वाढत गेली, तर ते टिकणं झालं, प्रजनन नाही. आणि 'टिकली ती लायक, लायक होती म्हणून टिकली' एवढंच म्हणायचं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. लायकी टिकण्याव्यतिरिक्त कशावरून तरी मोजता आली पाहिजे. कंपन्यांसाठी अर्थशास्त्रज्ञ नेल्सन आणि विंटर यांचं 1982 चं पुस्तक चाळा. त्यांनी कामाच्या ठरलेल्या पद्धतींना जनुकांच्या जागी बसवलंय.

पानगळ:
मीम अगदीच वगळू नका. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी 1976 मध्ये ही कल्पना मांडली, आणि तिच्यावरचे आक्षेपच तुमच्या भाषणाचा गाभा होऊ शकतात. एक प्रयोग गटातच करून बघा. एकाने कागदावर पाच टोकांची चांदणी काढायची, दुसऱ्याने ती पाहून काढायची, तिसऱ्याने दुसऱ्याची. दहाव्या कागदावरही चांदणीच असेल, कारण एखादी रेघ वाकडी गेली तरी पुढचा माणूस ती आपसूक सरळ करतो. तो रेघांची नक्कल करत नाही. 'ही चांदणी' हे ओळखून मनातली चांदणी काढतो. आता हेच एखाद्या वेड्यावाकड्या गिरगोट्याने करा. चार-पाच हातांतच मूळ आकार हरवतो. म्हणजे चांदणी टिकते ती नकलेमुळे नाही, मनाच्या घडणीमुळे. मग निवड कुठे झाली? मानववंशशास्त्रज्ञ डॅन स्पर्बर यांचा आक्षेप याच दिशेचा आहे. त्यांचं 1996 चं पुस्तक जरूर वाचा, मला ते फार मोलाचं वाटतं.

शून्यबिंदू:
@पानगळ, उदाहरण चोख आहे, पण निष्कर्ष एक पाऊल पुढे गेलाय. संस्कृतीच्या उत्क्रांतीचे अभ्यासक बॉइड आणि रिचरसन यांनी 1985 मध्येच दाखवलं की हुबेहूब नक्कल ही अट नाहीच. एकेकाची नक्कल ढोबळ असली, तरी लोक यशस्वी माणसाचं किंवा बहुसंख्यांचं अनुकरण करत असतील तर समूहाची सरासरी ठरावीक दिशेने सरकते. रानवाट, स्पर्बर आणि हे दोघे शेजारी ठेवून वाचा.

रानवाट:
खूप आभार. भाषेचं काय? वंशवृक्ष तर भाषांचेही काढतात.

पानगळ:
काढतात, आणि खुद्द डार्विन यांनी 1871 मध्ये भाषा आणि प्रजाती यांच्यातलं साम्य नोंदवलंय. पण 'चावी' मराठीला पोर्तुगीजकडून मिळाली, पूर्वज भाषेकडून नाही. फांद्या अशा आडव्या जुळत गेल्या की झाडाचं जाळं होतं. मात्र एवढ्यावरून साम्य मोडीत काढू नका, जिवाणूही एकमेकांना आडवी जनुकं देतात. शिवाय वंशवृक्ष काढता येणं म्हणजे निवड झाली असंही नव्हे. उच्चार पिढ्यान्‌पिढ्या निवडीशिवाय नुसते सरकतही असू शकतात.

रानवाट:
हे मी वेगळं केलंच नव्हतं! मग भाषण दोन भागांत करते, आधी वंश, मग निवड. तत्त्वज्ञ गॉडफ्रे-स्मिथ यांचं डार्विनी समूहांवरचं 2009 चं पुस्तक मिळालंय, ते आधी घेऊ का?

शून्यबिंदू:
लेवॉन्टिननंतर लगेच घ्या. कुठला समूह अस्सल डार्विनी आणि कुठला काठावरचा, हे त्यात पायरीपायरीने ठरवलंय. चांदणीचा प्रयोग मात्र भाषणाआधीच उरका, कागद भिंतीवर ओळीने लावून.