मुलीची चिडचिड: वयाचा भाग की नैराश्य?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

माझी मुलगी पंधरा वर्षांची असून यंदा दहावीला आहे. गेले दीड-दोन महिने ती पहाटेपर्यंत जागी असते, कॉलेज रोडवरच्या क्लासला जाणे टाळते आणि सहा वर्षे आवडीने केलेला कथकचा वर्गही तिने सोडून दिला आहे. तिला रडताना मी एकदाही पाहिलेले नाही. उलट साध्या प्रश्नावरही ती अंगावर धावून येते. ऑक्टोबरच्या या उकाड्यात ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालते, आणि परवा तिच्या मनगटाच्या वर मला ओरखडे दिसले. मांजराने ओरबाडले, असे ती म्हणाली; आमच्याकडे मांजर नाही. बोर्डाची परीक्षा होऊन जाऊ दे, मग पाहू, असे यजमान म्हणतात. मरणाचा विषय काढला तर नको तो विचार आपणच तिच्या डोक्यात घालू, या भीतीने मी गप्प आहे.

उत्तर १ (शालेय समुपदेशक, गंगापूर रोड)

ताई, या वयातले नैराश्य पुष्कळदा उदासीच्या नव्हे, तर चिडचिडीच्या रूपात दिसते, आणि त्यामुळेच घरचे त्याला उद्धटपणा समजतात. वयाचा लहरीपणा येतो-जातो. मात्र चिडचिड किंवा निरुत्साह दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकला, आणि त्यासोबत झोप, भूक, अभ्यास, आवडीच्या गोष्टी व मैत्रिणी यांच्यातही बदल झाला, तर त्याकडे आजार म्हणून पाहावे लागते. कथक सोडणे मला ओरखड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते.

स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येक मुलाला मरायचेच असते असे नाही. असह्य झालेली भावना थोडा वेळ तरी थोपवण्यासाठी अनेक मुले तसे करतात. तरीही अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, म्हणून ‘लक्ष वेधण्यासाठी करते’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत अभ्यासांती चुकीची ठरली आहे. शांत वेळ पाहून, ‘जगणे नको असे तुला कधी वाटते का?’ असे सरळ विचारा आणि उत्तर ऐकताना उपदेश करू नका. ती ‘हो’ म्हणाली, तर मनात काही ठरवले आहे का, हेही विचारा. ठरवले असेल, तर तिला क्षणभरही एकटी न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

उत्तर २ (निफाड)

आम्ही द्राक्षबागायतदार आहोत. पुतण्याच्या वेळी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवायला सांगितली, तेव्हा मला तो अपमान वाटला होता. ती टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्याच वेळाची असते आणि तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो, हे त्यांनी समजावल्यावर मी कुलूप लावले. आपण शहरात राहता. घरातली औषधे आणि धारदार वस्तू आजच आवरून ठेवा.

उत्तर ३ (डॉक्टर, नाशिक रोड)

परीक्षेपर्यंत थांबू नये, एवढे यजमानांना माझ्या वतीने सांगा. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचाराची सोय आहे, आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येते. सौम्य नैराश्यात बहुधा समुपदेशनापासून सुरुवात होते. गोळ्या द्याव्या लागल्याच, तर पहिले काही आठवडे मुलीवर बारीक लक्ष ठेवावे लागते, कारण या वयात त्या काळात आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असते. म्हणून त्या मनाने सुरू करू नयेत आणि बरे वाटले म्हणून मनाने बंदही करू नयेत. पोलीस केसच्या धास्तीने जखम लपवणारे पालक मी पाहिले आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि एरवी तिला शिक्षा होत नाही. इथे तर तसा प्रयत्नही झालेला नाही.

प्रश्नकर्ती

काल रात्री गच्चीवर विचारले. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग ‘कधी कधी वाटते, पण काही ठरवलेले नाही’ असे म्हणाली आणि बाही स्वतःच वर केली. उद्या सकाळी सिव्हिलला जात आहोत. यजमानांनी रजा टाकली आहे.