माळ्यावर सापडलेल्या जुन्या बेसबॉल बॅटवरचा शिक्का कसा ओळखायचा?

मंगळवारपेठकर
रंगकामासाठी माळा रिकामा केला तर आजोबांची बॅट सापडली, ते सोलापुरात अमेरिकन मिशनच्या बंगल्यात माळीकाम करायचे, साहेब परत जाताना देऊन गेले म्हणे. क्रिकेटची नाही, गोल आहे, बेसबॉलची. आईनं कित्येक वर्षं त्यानं धुणं बडवलंय त्यामुळं एक बाजू पांढरी पडलीय पण दुसऱ्या बाजूला काळसर अंडाकृती शिक्का दिसतोय, अक्षरं लागत नाहीत. भाऊ म्हणतोय सुताराकडं देऊन रंधा मारून पॉलिश करू. कुठल्या कंपनीची ते कसं कळेल?

लाकूडवेडा
रंधा अजिबात मारू नका हो!! तो शिक्का तापलेल्या ठशानं लाकडात जाळून उठवलेला असतो, खोली जेमतेम असते, एकदा छिलला की गेला कायमचा. रात्री लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च बॅटीला चिकटून आडवा धरा, सावलीत अक्षरं उठतील. नाहीतर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी घासा. मुठीच्या टोकाची गुंडी पण बघा.

मंगळवारपेठकर
दिसलं दिसलं! मधे हिलरिच अँड ब्रॅड्सबी, लुइसव्हिल, खाली १२५. उजवीकडं पॉवराइज्ड असं काहीतरी आणि गुंडीवर ३४. जाड टोकाकडं सही आहे, अर्धी गेलीय. खेळाडूची असेल का?

जुनी_बॅट
वा, ही लुइसव्हिल स्लगर या अमेरिकेतल्या प्रसिद्ध बेसबॉल बॅटवाली कंपनी. आधी नाव जे. एफ. हिलरिच अँड सन होतं, ब्रॅड्सबी नाव १९१६ ला आलं, आणि १९८० च्या आसपास अंडाकृतीतलं कंपनीचं नाव काढून तिथं लुइसव्हिल स्लगर टाकायला लागले. म्हणजे तुमची त्या दोन्हीच्या मधली, त्यात पॉवराइज्ड हा शब्द १९३० नंतरच्या दशकात आला म्हणून अजून अलीकडं सरकते. १२५ म्हणजे त्यांची वरच्या दर्जाची बॅट. सहीवर मात्र जाऊ नका, नावाचे हक्क घेऊन सही छापायचे, होनस वॅगनर या बेसबॉल खेळाडूनं १९०५ लाच तसा करार केला होता. गुंडीवरचा ३४ म्हणजे इंचात लांबी, आणि लांबी अशी गुंडीवर मारलेली बॅट बहुतेक दुकानात विकायची असते. पण मिशनमधून आलेली सोलापूरची बॅट, ही गोष्टच मोठी आहे, ती कागदावर लिहून बॅटीसोबत ठेवा.

मंगळवारपेठकर
आजोबांनी १९५८ ला ते काम सोडलं, म्हणजे त्याच्या आधीचीच. भावाला दाखवलं, पॉलिश कॅन्सल. आता जवसाचं तेल लावू का?

लाकूडवेडा
नको, क्रिकेटच्या बॅटीची सवय इथं नको. तेलानं लाकूड काळं पडेल आणि शिक्का त्यात बुडेल. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसा, आडवी ठेवा, उन्हात टाकू नका. आणि आईंना धुण्यासाठी दुसरं काहीतरी आणून द्या आजच.