२०२५ मधला तुमचा एकच दिवस सांगा (कप मोजायचे नाहीत)

पार्कचौक_पॅव्हेलियन

वर्ष संपलंय, काल मित्रांसोबत हुरड्याला गेलो होतो तिथं यावरनं एवढी भांडणं झाली की हुरडा थंड झाला आणि शेंगाचटणीचं भांडं कोणी संपवलं तेपण कळलं नाही. म्हणून इथं टाकतोय. प्रश्न साधाय, २०२५ मधला खेळातला तुमचा एक दिवस कुठला? एकच. कप किती जिंकले ते सांगू नका, ते सगळ्यांना पाठ आहे.

आधी माझं सांगतो, शिव्या नंतर घाला. पुरुषांच्या टीमनं या वर्षी दोन कप आणले पण माझ्या यादीत दोन्ही नाहीत. चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकलो, ९ मार्चला न्यूझीलंडला हरवलं, रोहितनं ७६ मारले, मस्त. पण सगळ्या मॅचेस आपण दुबईतच खेळलो, बाकीचे विमानानं इकडून तिकडं हिंडत होते आणि आपण एकाच मैदानावर घरजावयासारखं बसलेलो. आशिया कपच्या फायनलला तिलक वर्मानं नाबाद ६९ मारून पाकिस्तानला हरवलं, आता मला सांगा ती इनिंग किती जणांना आठवतीय आणि ट्रॉफी कुणाच्या हातनं घ्यायची नाही तो तमाशा किती जणांना आठवतोय? तेच म्हणतोय मी. बंगळुरूवाले १८ वर्षांनी आयपीएल जिंकले, माझा सख्खा मावसभाऊ रडला त्या रात्री, आणि दुसऱ्या दिवशी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. त्यानंतर त्या कपाबद्दल बोलायची इच्छाच राहिली नाही.

आणि नोव्हेंबरात टेस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध घरच्या मैदानावर कोलकात्याला १२४ चं टार्गेट आणि आपण ९३ ला ऑलआऊट, लगेच गुवाहाटीला ४०८ रननी हरलो. स्पिनचा आखाडा आपणच खणायचा आणि आपणच त्यात पडायचं. यावर मी जास्त बोलत नाही, बीपी वाढतो.

तर माझा दिवस २ नोव्हेंबर. पोरींची वनडे वर्ल्डकपची फायनल, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. यात वाद होऊच शकत नाही असं माझं मत आहे.

टॉवेलवाला_७१

वाद कसा होत नाही बे? ४ ऑगस्ट विसरलास काय? ओव्हल, इंग्लंडमधली पाचवी टेस्ट!

मी टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. सोमवार होता, साडेतीनला खेळ सुरू, इंग्लंडला ३५ हवेत आणि चार विकेट हातात. आमच्या इथं माग चालू असले की शेजारच्याचं बोलणंपण ऐकू येत नाही, सगळे खुणेनं बोलतात. मी मोबाईल हिशेबाच्या वहीला टेकवून ठेवलेला. पहिल्या दोन बॉलला दोन फोर गेले तेव्हा मी मोबाईल पालथा घातला. मग सिराजनं स्मिथला काढलं तसा परत सरळ केला. थोड्या वेळानं बघतो तर पाठीमागं दोन विणकर उभे, मग चार, कोण मराठीत विचारतोय कोण तेलुगूत, "किती पाहिजेत, किती पाहिजेत". आणि तेवढ्यात वोक्स आला, एक हात स्वेटरच्या आत बांधलेला, एका हातात बॅट. आमचा एक म्हातारा विणकर आहे, त्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, तो म्हणाला याला घरी का पाठवत नाहीत ओ. काय उत्तर देणार त्याला.

शेवटी सिराजचा तो यॉर्कर, अॅटकिन्सनचा स्टंप उडाला, सहा रननी जिंकलो. आणि तेव्हा लक्षात आलं की आजूबाजूला आवाजच नाही. आमच्या लायनीतले सगळे माग बंद होते. मालकानं वरनं विचारलं लाईट गेली काय रे.

आणि भावा हा तोच सिराज ज्यानं आदल्या दिवशी ब्रूकचा कॅच घेऊन बाऊंड्रीवर पाय ठेवलेला, तेव्हा ब्रूक १९ वर होता, १११ करून गेला. आख्ख्या देशानं शिव्या घातल्या असतील त्या रात्री, मी स्वतः घातल्या, खोटं कशाला बोलू. पाचही टेस्ट खेळला, २३ विकेट काढल्या. सिरीज २-२ झाली, कप नाही मिळाला आपल्याला. तूच म्हणालास ना कप मोजायचे नाहीत? मग मोज हे.

माळशिरसकर

तुम्हा शहरातल्या लोकांचं सोलापूर सात रस्त्याला सुरू होतं आणि पार्क चौकात संपतं. जिल्हा केवढा आहे माहितीय का ओ?

१९ जानेवारी. दिल्ली. खो-खोचा पहिला वर्ल्डकप. पोरींनी नेपाळला ७८-४० हरवलं, पोरांनी ५४-३६. पोरींची कॅप्टन प्रियंका इंगळे, पोरांचा कॅप्टन प्रतीक वाईकर, दोघं महाराष्ट्राचे. आणि पोरांच्या टीममधला रामजी कश्यप कुठला? वेळापूरचा! आपल्या जिल्ह्यातला, आमच्या तालुक्यातला. फायनलला त्याचे आकाशी सूर बघितले काय कुणी? पळता पळता हवेत झेपावून समोरच्याला बाद करणं म्हणजे चेष्टा नाही, आम्ही लहानपणी मातीत असले सूर मारायचो तर कोपरं आणि गुडघे महिनाभर सोललेले असायचे, आई खोबरेल तेल लावायची आणि वरनं धपाटापण. आता मॅट आली, टीव्ही आला, पण ज्याला लहानपणी कोपर सोलायची भीती वाटली नाही तोच असा झेपावतो.

तुम्ही त्या आठवड्यात काय करत होता? गड्ड्यावर पाळण्यात बसून भेळ खात होता. माझं काय म्हणणं नाही, सिद्धेश्वरांची यात्रा आहे, खावा. पण वर्षाच्या शेवटी यादी काढताना तरी आठवा.

आणि दुसरं. एकच दिवस सांगायचाय पण मी दोन सांगणार, पहिला मोजू नका पाहिजे तर. १७ ऑक्टोबर. किरण नवगिरे. नागपूरला पंजाबविरुद्ध ३४ बॉलमध्ये सेंच्युरी. बायकांच्या टी-२० मध्ये जगातली सगळ्यात फास्ट, आधी सोफी डिव्हाईनची ३६ बॉलची होती. टार्गेट १११ चं, महाराष्ट्राच्या टोटल ११३ मध्ये १०६ तिच्या एकटीच्या, मॅच आठ ओव्हरमध्ये खल्लास. समोरच्या पोरीनं नुसतं उभं राहून टाळ्या वाजवल्या असतील. ही आपल्याच जिल्ह्यातली मिऱ्याची. आधी भालाफेक, गोळाफेक करायची, म्हणून तो खांदा. मी मोबाईलवर स्कोअर रिफ्रेश करत होतो, दर वेळी आकडा बदलून यायचा, मला वाटलं ॲप बिघडलं. आमच्या पाराशी सांगितलं तर एकजण म्हणाला, ३४ बॉलमध्ये ३४ असतील, नीट बघ.

तिचा एक फ्लेक्स तुमच्या नव्या पेठेत लागला काय? नगरसेवकाच्या वाढदिवसाचे बारा लागतात.

तालीम_जुनी

माळशिरसकर, बरोबर बोललात. पण माझा दिवस आनंदाचा नाही. २ फेब्रुवारी, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी.

मी स्वतः पाच-सहा वर्षं लाल मातीत अंग घासलंय, फार काही झालं नाही, कान तेवढा मोडून घेतला. आपल्या जिल्ह्याचा महेंद्र गायकवाड फायनलला. त्याच्या आधी शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीत पंचांनी चितपट दिली, राक्षे म्हणाला दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, आणि त्यानं पंचाला लाथ मारली. मग फायनलमध्ये शेवटचे काही सेकंद उरलेले असताना महेंद्र मैदान सोडून गेला आणि गदा मोहोळला. राक्षे आणि महेंद्र, दोघांवर तीन-तीन वर्षं बंदीची घोषणा झाली.

पंचाला लाथ मारणं चूकच, त्यात दुमत नाही, आमच्या वस्तादानं तर आम्हाला तालमीबाहेर उभं केलं असतं. पण मला एक सांगा, गल्लीतल्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला आता लोक मोबाईलवर रिप्ले बघून रनआऊट देतात. इथं पैलवानाचं वर्षभराचं दूध-बदाम आणि पहाटेच्या हजार बैठका, आणि खांदे टेकले का नाही हे एका नजरेवर ठरायचं. पृथ्वीराज चांगला पैलवान आहे, त्याच्या गदेवरपण विनाकारण डाग. त्या दिवशी तिघंही हरले.

लेकीची_आई

पॅव्हेलियन दादा, तुमचा दिवस बरोबर आहे पण तुम्ही त्याबद्दल एक ओळ लिहिलीत फक्त. कोलकात्याच्या हारबद्दल जास्त लिहिलंय.

मी सांगते मग. त्या रात्री आमच्या भागात पाण्याची पाळी होती. नवी मुंबईत पावसामुळं मॅच दोन तास उशिरा सुरू झालेली, त्यामुळं अकरा वाजून गेले तरी संपेना. मी एक डोळा पिंपावर आणि एक टीव्हीवर. त्यांची कॅप्टन वोल्वार्ट सेंच्युरी करून खेळत होती तोवर पोटात गोळा होता. मग अमनजोतच्या हातातनं तो कॅच एकदा सुटला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा एका हातात राहिला, आणि माझी लेक एवढ्या मोठ्यानं ओरडली की खालच्या आजी विचारायला लागल्या पाणी गेलं काय म्हणून. मधल्या वेळात पिंप भरून वाहून स्वयंपाकघरातनं हॉलपर्यंत पाणी. चादर टाकली टिपायला. जिंकलो तेव्हा आम्ही मायलेकी ओल्या चादरीवर उभ्या होतो.

दीप्तीच्या ५८ रन आणि पाच विकेट. शफालीचं तर काय सांगावं, ती मूळ टीममध्येच नव्हती, प्रतिका रावलला लागलं म्हणून बोलावलं, आणि फायनलमध्ये ८७ मारून वर दोन विकेट काढल्या. आणि कोच अमोल मुझुमदार, ज्यांना स्वतःला कधी भारताकडनं खेळायला मिळालं नाही. स्मृती तर आपल्या सांगलीची.

माझी लेक बारा वर्षांची आहे, दीड वर्षापासून प्रॅक्टिसला जाते. जिथं जाते तिथं नेट मुलांच्या बॅचचं झालं की मग पोरींना मिळतं, तेपण अंधार पडत आल्यावर. पॅड मुलांचेच, तिच्या मांडीपर्यंत येतात, पळताना एका हातानं धरून पळते. पूर्वी तिथं चार मुली होत्या. त्या फायनलनंतरच्या आठवड्यात अकरा झाल्या. नेट अजून एकच आहे.

आणि एक विचारायचं होतं दादा. सेमीफायनल पूर्ण बघितलीत का?

पार्कचौक_पॅव्हेलियन

ताई, बरोबर ठिकाणी पकडलंत. नाही बघितली.

ऑस्ट्रेलियानं ३३८ केले, आपले दोन गेले ५९ ला, त्यात स्मृती आऊट झाली, मी म्हणलं संपलं, टीव्ही बंद केला आणि जेवायला बसलो. वर बायकोला म्हणालो, यांचं नेहमीचंच आहे. लीगमध्ये ओळीनं तीन हरलेल्या ना, तोच राग डोक्यात. झोपायच्या आधी ग्रुपवर बघतो तर १४० मेसेज. जेमिमा नाबाद १२७. मग हायलाईट बघितले रात्री एक वाजेपर्यंत, पण निकाल माहीत असताना बघणं म्हणजे गार झालेली भाकरी. म्हणून फायनलला पहिल्या बॉलपासून जागचा हललो नाही, पावसाच्या दोन तासातपण टीव्ही चालू ठेवलेला, अपशकुन नको म्हणून. यंदा माझा दिवस २ नोव्हेंबर आहे तो त्या ३० ऑक्टोबरची भरपाई म्हणून, असं समजा.

टॉवेलवाला, तुझे बंद पडलेले माग भारी आहेत, मान्य. तालीम_जुनी, तुमच्याशी वाद घालायची माझी लायकी नाही.

माळशिरसकर, फ्लेक्सचं लागलं मला. खोटं नाही सांगत, रामजी वेळापूरचा आहे हे मला आज कळलं. तिकडं खो-खोची प्रॅक्टिस सकाळी असते का संध्याकाळी, बाहेरच्यांना बघत उभं राहू देतात काय?

माळशिरसकर

उभं राहू देतात की. पण चप्पल काढून कडेला थांबायचं आणि फोटो काढत पळणाऱ्याच्या मधी यायचं नाही. एसटीनं या, येताना सोलापूरच्या शेंगाचटणीचा एक पुडा आणा, आमच्या इथं तेवढीच मिळत नाही.

लेकीची_आई

गाडीत जागा असेल तर आम्ही दोघी येतो. रविवार सोडून सांगा, रविवारी तिचं नेट असतं.