मदत हवी आहे: आईची ठेंगणी उंची आणि मुलीची वाढ
नागपुरात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची उंची १४५ सेंटिमीटरच्या आत आहे आणि तिच्या मुलीचे जन्मवजनही २.५ किलोपेक्षा कमी होते. ‘आईवर गेली’ म्हणून घरातील मोठी माणसे विषय संपवतात, ते मला पटत नाही. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शायर या खूप मोठ्या जातीचे घोडे आणि शेटलंड या खूप लहान जातीची तट्टे यांच्या संकराच्या प्रयोगात शिंगराचा जन्मवेळचा आकार प्रामुख्याने घोडीच्या आकारमानावर ठरला होता. माणसांत मात्र पहिल्या दोन वर्षांतील आहार आणि वारंवार होणारे जुलाब यांचाही पुढील उंचीवर मोठा परिणाम होतो. मुलगी आता चौदा महिन्यांची असून अंगणवाडीच्या नोंदीत वजन ठीक, पण उंची मागे दिसते. वरणभातासोबत अंडे सुरू केले आहे; आणखी काय द्यावे? वाढीचा तक्ता नीट समजावून सांगणारे बालरोगतज्ज्ञ शहरात कोणास ठाऊक असल्यास कृपया सुचवावे.