शनिवारवाड्यातली हाक: ही आख्यायिका सांगत राहावी का?

धागाकर्ता (पेठकर): पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, हे पुण्यातल्या मुलांच्या कानांवर इतिहासाच्या पुस्तकाआधीच पडते. माझ्या मते ही कथा या रूपात सांगणे थांबवावे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी, म्हणजे पहाऱ्यावरच्या भाडोत्री शिपायांनी, १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून प्रत्यक्ष नारायणरावांचे काका रघुनाथराव यांना दोषी ठरवले. भुताची कथा मात्र हाकेपाशीच थांबते. तिच्यात खून आहे, न्याय नाही. एका तरुणाच्या मरणाची आपण करमणूक केली आहे, याचे मला वाईट वाटते.

पर्वतीकर: मी पूर्णपणे असहमत आहे. १८२८ च्या आगीत वाड्याचे लाकडी महाल जळून गेले. आज दिल्ली दरवाज्यातून आत गेल्यावर दगडी जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ एवढेच दिसते. त्या मोकळ्या जोत्यांवर उभ्या असलेल्या मुलाला ‘कोण काका?’ असा प्रश्न पडतो तो त्या हाकेमुळेच. नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा १७९५ मध्ये याच वाड्यात वरून पडून अंत झाला, पण त्याभोवती अशी कथा रुजली नाही, आणि ते मरण किती जणांच्या लक्षात आहे?

शिवाय आपल्याकडची भुते केवळ घाबरवण्यासाठी नाहीत. वेताळ हा गावाची राखण करणारा, भुतांचा अधिपती. वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला जाणारे कितीतरी लोक माथ्यावरच्या देवळात हात जोडूनच उतरतात. गुरुवार पेठेचे जुने नावही वेताळ पेठच होते. मुंज होऊन सोडमुंजीआधी वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, या समजुतीत अकाली गेलेल्या लेकराचे दुःखच साठलेले आहे. हे सारे पुसून टाकले, तर शहराची स्मृती पोकळ होईल.

रास्तामतवादी: कथेला माझा विरोध नाही, तिच्या आडून चालणाऱ्या धंद्याला आहे. आमच्या परिचयातल्या एका मुलीला फिट्स येत असताना ‘बाधा झाली’ म्हणून तिच्यावरून नारळ आणि दहीभात उतरवून तिकाटण्यावर ठेवला जात होता. त्यात महिने गेले आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे तिला फार उशिरा नेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणे हा आज गुन्हा आहे. आजीच्या गोष्टीला कोणी गुन्हा म्हणत नाही आणि म्हणूही नये.

धागाकर्ता (पेठकर): वेताळाविषयीचे म्हणणे पटले, कारण त्याला लोक पूजतात. पण नारायणराव हाडामांसाचे माणूस होते. त्यांच्या खुनाच्या वेळी त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि त्यांच्या नावाने बारभाईंनी, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाने, कारभार सावरला. म्हणून माझा आग्रह बदलून इतकाच ठेवतो, की वाड्यात ही हाक सांगायची असेल, तर गंगाबाई आणि रामशास्त्री यांना त्या गोष्टीतून वगळू नये.

पर्वतीकर: त्याला माझी हरकत नाही. मात्र सुरुवात हाकेपासूनच व्हावी.